शिवणीची वाट : शिरूर ते दौंड

गोधडीसारख्या क्षुल्लक वस्तूसाठी दोन तालुक्यांचा प्रवास करणारा मनुष्य वाचकांना विक्षिप्त वाटेल, आणि तसे वाटल्यास मी तक्रार करणार नाही. परंतु प्रसंगच तसा आला होता.

आमच्या कुटुंबाच्या पश्चात तिची चार सुती इरकली लुगडी पेटीत राहिली होती. घरात लवकरच पणतवंड नव्हे, पण नातवंड येणार हे कळले, तेव्हा सूनबाईने त्यांतील तीन लुगडी काढली, त्यांचे चौकोन कापले आणि यंत्रावर जोडून गोधडीची वरची बाजू तयार केली. मग विजेची इस्त्री घेऊन तिने ती जोराने घासली. जे व्हायचे ते झाले. काही चौकोन कापडाच्या तिरप्या अंगाने कापले गेले होते. ते इस्त्रीच्या ओढीने ताणले, काठ लाटेसारखे उठले आणि कोपऱ्याला कोपरा मिळेना. पदराचे रेशीम एका ठिकाणी करपले ते वेगळेच. मुलगी त्या कापडाजवळ बसून रडली. पेटीत आता एकच लुगडे होते.

मी शाळेत संस्कृत शिकवले. कन्था हा शब्द वैराग्यशतकात कितीदा तरी समजावून सांगितला. परंतु कन्थेची शिवण कशी बसवावी हे भर्तृहरीने सांगितलेले नाही. ते ठाऊक असलेली एकच व्यक्ती मला माहीत होती : आमच्या कुटुंबाची थोरली मावसबहीण. त्या शिरूरला राहतात. सूनबाईचे माहेर दौंडचे. तेव्हा शिरूरला विद्या घ्यावी आणि दौंडला तिचा प्रयोग करावा असे ठरवून आम्ही दोघे माघातल्या एका सकाळी पुण्याहून एस. टी.त बसलो.

वाघोली, कोरेगाव, शिक्रापूर, रांजणगाव अशी ही वाट आता कारखान्यांनी भरून गेली आहे. रांजणगावच्या महागणपतीला गाडीतूनच हात जोडले. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात, कारण गाव त्या नदीच्या काठी आहे आणि पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. पलीकडच्या जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले. इंग्रजांची येथे छावणी होती. १८०९ साली येथे वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला गावकरी सत्पुरुषाचे स्थान म्हणून मान देत असत. परक्या शिपायालाही आपल्या पंक्तीला बसवून घेणारे हे गाव आहे.

अक्कांची ऐंशी उलटली आहे. त्यांनी बिघडलेले कापड मांडीवर घेतले, उलटे केले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भावोजी, हिला इस्त्री फिरवायला कोणी सांगितली? शिवणीवर इस्त्री फिरवीत नाहीत, ठेवतात.”

साऱ्या विद्येचे बीज या एका वाक्यात आहे. कपडे परीटघडीचे करताना इस्त्री पुढेमागे सरकते. शिवण बसवताना ती वरून ठेवायची, क्षणभर थांबायचे, उचलायची आणि पुढच्या जागी ठेवायची. सरकवली की कापड सरकते. उभ्या-आडव्या धाग्यांना ते सोसते, तिरप्या कापाला सोसत नाही.

अक्कांच्या तरुणपणी इस्त्री म्हणजे बुडाशी सपाट असा पितळी तांब्या, त्यात निखारे, आणि धरायला चिंधी. त्याआधी त्या शिवण नखाने मोडून घेत. अंगठ्याचे नख जोडावरून एकदा फिरवले की कापडाला आपली वाट कळते, असे त्यांचे म्हणणे. सूनबाईला त्यांनी प्रथम शिवण जशी आली तशी, न उलगडता दाबायला लावली. त्यामुळे टाके कापडात बसतात. नंतर कापड उलगडून दोन्ही काठ एकाच अंगाला, गडद तुकड्याच्या बाजूला पाडायचे. फिक्या तुकड्याखाली गडद काठ गेला, तर तो वरून सावलीसारखा दिसतो.

दुसरी ओळ जोडताना मात्र काठ उलट दिशेला पाडायचे. पहिल्या ओळीत डावीकडे, तर दुसऱ्या ओळीत उजवीकडे. दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की एकीचा उंचवटा दुसरीच्या खाचेत बसतो आणि कोपरे आपोआप जुळतात. डोळे मिटून, केवळ बोटांनी चाचपून अक्कांनी हे जुळवून दाखवले. जेथे चार तुकडे भेटतात तेथे चारही काठ भोवऱ्यासारखे एकाच फेऱ्याने पाडले, तर गाठ उंच होत नाही; बाळाच्या पाठीला ती टोचू नये, हे त्यातले मुख्य कारण.

शेवटी पाण्याचा हलका हात, त्यावर इस्त्री, आणि लगेच वर लाकडी पाट. सुताला ओलावा आणि ऊब मिळाली की ते नरम होते, आणि निवताना ज्या घडीत असेल तीच धरून ठेवते. पाट वाफ शोषतो आणि घडी दाबून धरतो. निवण्याआधी कापड उचलले तर सारे श्रम फुकट. सूनबाई दोनदा घाईने उचलायला गेली आणि दोन्ही वेळा तिच्या हातावर चापटी बसली.

एका गोष्टीचा हिशेब मात्र मी मांडला. मास्तराची खोड जात नाही. ओळीत बारा तुकडे असले तर अकरा जोड येतात. प्रत्येक जोडाशी नीट न उलगडलेली एकेक सुताची घडी राहिली, तर अकरा सूत, म्हणजे सव्वा इंचाहून अधिक कापड बुडाले. शेजारची ओळ नीट दाबलेली असेल तर या दोघींचे कधीच जमणार नाही. सूनबाईने मोजून पाहिले. तिच्या ओळींतले अंतर बहुतेक तेवढेच निघाले.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्यावरून निघालो. दुतर्फा ऊस, आणि पुढे संथ चालणाऱ्या उसाच्या गाड्या. पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६–९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींना बाईंनी येथे आसरा दिला आणि विणकाम, शिवणकाम, छपाई असे उद्योग शिकवले. त्यांच्या धर्मांतराविषयी माझ्या आजोबांच्या तोंडी कटू शब्दच ऐकले. मला स्वतःला वाटते, त्या मुलींच्या हाती आपण काय दिले असते हे आधी विचारायला हवे होते. हे मी सूनबाईशी बोललो. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मांडीवर लुगड्याची पिशवी घट्ट धरलेली होती.

दौंड हे आगगाडीचे गाव. १८७८ साली मनमाडचा फाटा सुरू झाला तेव्हापासून येथे रात्र अशी होतच नाही. व्याही रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या शेजारी एक वृद्ध शिंपी राहतात. अक्कांची रीत ऐकून ते हसले. “मास्तर, शिवण दोन्हीकडे उघडून दाबावी. जाडी निम्मी होते.”

येथे माझी पंचाईत झाली. दोन आचार्यांची दोन मते! थोडे विचारल्यावर उलगडा झाला. यंत्राच्या टाक्यात दोन धागे एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून उघडलेली शिवण तग धरते. हाताच्या धावदोऱ्यात एकच धागा आणि मधे मोकळी जागा. काठ उघडले तर सारा ताण त्या धाग्यावर येतो. एका अंगाला पाडले की कापडच त्याला झाकते. शिंप्यांनीही ते मान्य केले, आणि रेशमी काठावर ओलसर सुती फडके ठेवूनच इस्त्री लावावी, ही मोलाची सूचना दिली.

त्या रात्री सूनबाईने लुगडे समोर पसरले. कात्री हातात घेऊन ती बराच वेळ बसली. “बाबा, तुम्ही कापता?” तिने विचारले. माझा हात स्थिर नव्हता. विहीणबाईंनी कापडाचा एक धागा ओढून सरळ रेघ काढून दिली आणि सूनबाईने त्या रेघेवरून पहिला काप घेतला.

पाच रात्री हाताने जोडकाम चालले. आतल्या थरांना आधी बिघडलेले कापड लागले, म्हणजे तेही वाया गेले नाही. मग बाहेरच्या कडेपासून आत, चौकोनामागून चौकोन, धावदोरा घालत ती मध्यापर्यंत आली. कोपरे जुळले, एक मात्र गव्हाएवढा सरकला. ती तो उसवायला निघाली, तेव्हा मी चष्मा काढून ठेवला आणि मला काहीच दिसत नाही असे तिला सांगितले.