स्पर्शाची साक्ष

जैन दर्शनाने पुद्गलाचे आठ स्पर्श सांगितले आहेत : शीत, उष्ण, स्निग्ध, रूक्ष, मृदू, कठीण, हलका आणि जड. पाच इंद्रियांत स्पर्शन हे पहिले. एकेंद्रिय जीवापाशी दुसरे काही नसले तरी हे एक असतेच. कृष्णाकाठच्या बाजारपेठेच्या एका गावी भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या एका आजोबांनी हे लहानपणी पाठशाळेत पाठ केले होते, आणि पुढे पन्नास वर्षे व्यवहारही याच इंद्रियाच्या भरवशावर केला. पातेले हातात घेतले की पत्रा किती जाड, मोड कितपत चोख, हे ते तागडीत टाकण्यापूर्वीच सांगत. तागडी बहुधा त्यांच्याच बाजूने कौल देई.

पौषातल्या एका सकाळी दुकान उघडताना महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवाने त्यांना एक साधा प्रश्न विचारला. रात्रभर एकाच खोलीत असलेला लाकडी पाट आणि पितळी परात; त्यांतले अधिक थंड कोणते? आजोबांनी दोन्हींना हात लावला आणि म्हणाले, “अरे, यात विचारायचे काय? परात थंडगार आहे. धातू जातीचाच थंड.” नातवाने प्रयोगशाळेतून आणलेले तापमापक आधी पाटाला व मग परातीला लावले. दोन्हीकडे आकडा एकच आला.

हाताला परात थंड लागते याचे कारण वेगळे आहे. हाताच्या त्वचेचे तापमान साधारण ३२-३३ अंश सेल्सिअस असते. खोली त्याहून थंड असली की हातातील उष्णता वस्तूकडे वाहू लागते. पितळ ती झपाट्याने आत ओढून सर्वत्र पसरवते. लाकूड तसे करीत नाही, त्यामुळे स्पर्शाची जागा लगेच हाताइतकीच ऊबदार होते आणि देवाणघेवाण मंदावते. म्हणजे हाताला जे कळते ते वस्तूचे तापमान नव्हे. उष्णता किती वेगाने जाते किंवा येते, तेवढेच त्याला कळते. व्यापाऱ्याला हा भेद परका नाही. एखाद्याच्या तिजोरीत रक्कम किती आहे आणि तो ती किती झपाट्याने हातावर ठेवतो, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन आसामींची तिजोरी सारखी असूनही एकाचे देणे दुपारपर्यंत चुकते होते आणि दुसऱ्याचे दिवाळीपर्यंत रखडते.

पदार्थांचा हा देण्याघेण्याचा वेग शास्त्रज्ञांनी मोजून ठेवला आहे. त्यांच्या एककात तांब्याचा आकडा सुमारे ४०० येतो. ॲल्युमिनियमचा सुमारे २३५, पितळेचा ११० च्या आसपास, बिडाचा ५० च्या जवळ, तर ज्या स्टीलने घरोघरची फळी भरली त्याचा जेमतेम १५. दगडाचा दोन-तीन, पाण्याचा ०.६, लाकडाचा ०.१ ते ०.२ आणि स्थिर हवेचा अवघा ०.०२५.

हे आकडे ऐकल्यावर आजोबांना आजींची जुनी तक्रार आठवली. स्टीलची लाट आली तेव्हा त्यांनी गावभरची पितळी भांडी मोडीत घेऊन स्टील विकले होते. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातील पातेलीही त्याच काट्यावर चढली. आजी तेव्हापासून म्हणत, “स्टीलमध्ये दूध तळाला लागते. पितळेत कधी लागत नव्हते.” घरात हे बोलणे कोणी मनावर घेतले नाही. जुन्या माणसाला जुनेच गोड, एवढाच त्याचा अर्थ लावला गेला. वास्तविक आजींचे निरीक्षण अचूक होते. पातळ स्टीलमध्ये ज्योतीवरची उष्णता बाजूला पसरत नाही. जिथे ज्योत लागते तिथेच साचते आणि दूध तेवढ्याच वर्तुळात करपते. तांबे-पितळ तीच उष्णता साऱ्या बुडाला वाटून देते. स्टीलचे गुण खोटे नव्हते. त्याला कल्हई लागत नाही, ताक त्यात कळकत नाही, घासायला ते सोपे. पुढे कारखानदारांनीच स्टीलच्या बुडाला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा थर देऊन आजींची तक्रार मान्य केली, हे मात्र आजींना कोणी कळवले नाही.

आजींच्या दिनक्रमात असे शास्त्र पुष्कळ होते. पिण्याचे पाणी उकळले की त्या ते रुंद परातीत ओतून शहाबादी फरशीवर ठेवत. पसरट पृष्ठभागावरून वाफ निघून जाई आणि पितळेच्या तळातून फरशी उष्णता ओढून घेई. तीच परात पाटावर ठेवली तर पाणी निवायला अधिक वेळ लागतो, हे त्यांना सांगावे लागले नव्हते. ऊन पाणी जमिनीवर किंवा मोरीत कधी ओतायचे नाही, तेथील सूक्ष्म जीवांचा घात होतो, ही त्यांची शिस्त. म्हणून निवण्याची वाट पाहणे हा त्यांच्या व्रताचाच भाग होता. मुनिमहाराजांच्या आहाराच्या वेळी त्या प्रत्येक पदार्थाची ऊब आधी स्वतः पाहून घेत. दिगंबर मुनी करपात्री. तळहात आणि अन्न यांच्यामध्ये तेथे काहीच नसते. श्वेतांबर साधु-साध्वींची पात्रे लाकडाची असतात, आणि ऊन पाणी वाहून नेताना ते लाकूड हाताला चटका बसू देत नाही. दोन्ही परंपरांत दात्याने काळजी घ्यायची ती मात्र एकच.

असे हे घर. उष्ण-शीताची एवढी जाण असलेल्या या घरात पुढील प्रसंग घडावा, याचे सर्वांनाच नंतर आश्चर्य वाटले.

आजोबांना मधुमेह जडून वीस वर्षे झाली होती. औषधे वेळेवर होती, गोड बंद होते, चौविहार नियमाने होता. महावीर जयंतीनंतरच्या रविवारी सारे कुटुंब डोंगरावरील एका तीर्थक्षेत्री दर्शनाला गेले. वाटेत गाडीचा खोळंबा झाल्याने चढायलाच दहा वाजले. दर्शन, अभिषेक, पूजा आटोपून उतरायला लागले तेव्हा साडेबारा झाले होते. पादत्राणे अर्थातच पायथ्याशी. पायऱ्या आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या. काळा रंग ऊन शोषून घेतो, दगडाचे जड अंग ते साठवून ठेवते, आणि पाऊल टेकले की खालून नवी उष्णता येतच राहते. मुले उड्या मारीत सावलीच्या पट्ट्या शोधीत होती. मोठी माणसे टाचांवर, चवड्यांवर चालत होती. आजोबा मात्र एकेक पायरी पूर्ण पाऊल टेकवून, णमोकार म्हणत, संथपणे उतरत होते. मागून येणारा एक यात्रेकरू आपल्या मुलाला म्हणाला, “पाहा त्या आजोबांची सहनशक्ती! याला म्हणतात तप.” आजोबांनी ते ऐकले आणि त्यांना मनातून बरेही वाटले.

सूर्यास्तापूर्वी घरी पोचून सर्वांनी जेवण उरकले. संध्याकाळी दिवाणखान्याच्या फरशीवर सूनबाईंना ओलसर पावलांचे ठसे दिसले. पाणी सांडले असावे म्हणून त्या पुसायला गेल्या, तर ठसे आजोबांच्या खुर्चीपाशी संपत होते. त्यांनी पाऊल उचलून पाहिले. तळव्याला मोठे फोड येऊन फुटले होते. “बाबा, हे दुखत नाही तुम्हाला?” त्यांनी घाबरून विचारले. आजोबा वाकून पाहू लागले आणि म्हणाले, “कुठे काय झाले आहे?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून, लागला की सांगा, असे ते म्हणाले. आजोबा बराच वेळ गप्प बसून होते. त्यांना वाटत होते की तपासणी अजून सुरूच झालेली नाही. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर धागा ठेवून देत होते. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात, आणि बधिरपणा दुखत नसल्याने तो आल्याचे कळत नाही, असे त्यांनी समजावले. ६० अंश तापलेल्या पाण्याने त्वचा पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजते. निरोगी माणूस त्याच्या कितीतरी आधी पाय मागे घेतो. आजोबांच्या पायाने ती सूचनाच दिली नव्हती. डोंगरावर जे तप वाटले, ते तप नव्हतेच. जखम भरायला अडीच महिने लागले. पाय वाचला यालाच घरच्यांनी मोठे पुण्य मानले.

त्या अडीच महिन्यांत आजोबा दुकानात गेले नाहीत. बिछान्यावर बसून त्यांनी नातवाकडून ते आकडे पुन्हा समजून घेतले. आता ते त्यांना भांड्यांचे वाटत नव्हते. गावच्या मंदिराच्या प्रांगणाला चकचकीत काळा ग्रॅनाइट बसवण्यासाठी त्यांनी आदल्या दिवाळीत देणगी बोलली होती. नमुने आले होते, दर ठरला होता, प्रवेशद्वाराशी आजोबांच्या आईवडिलांच्या नावाची पाटी कोरायची होती. त्यांनी विश्वस्तांना निरोप पाठवला की काम थांबवावे; बोललेली रक्कम कायम आहे, पण आधी एक बैठक घ्यावी, आणि ती भर दुपारी एक वाजता प्रांगणातच घ्यावी.

मे महिन्यात दुपारी एकची बैठक कोणालाच रुचली नाही. तरी शेठजींचा मान राखून सारे आले. नातवाने अकरा वाजताच तीन नमुने उन्हात मांडले होते : काळ्या ग्रॅनाइटची लादी, पांढऱ्या संगमरवराची लादी आणि काथ्याच्या पायपुसण्याचा लांब तुकडा. आजोबा पायाला स्वच्छ सुती पट्टी बांधून ओसरीत खुर्चीवर बसले होते. “एकेकाने तिन्हींवर उभे राहून पाहावे,” ते म्हणाले. “मी उभा राहणार नाही. माझ्या पायांची साक्ष आता ग्राह्य नाही.”

ग्रॅनाइटवर पाय ठेवणाऱ्या पहिल्या विश्वस्तांनी तो तत्काळ उचलला. संगमरवरावर त्यांना थोडा वेळ उभे राहता आले, काथ्यावर तर स्वस्थपणे. मग नातवाने दुरून तापमान मोजणारे उपकरण तिन्हींवर धरले. ग्रॅनाइट ५७ अंश, संगमरवर ४५ अंश. पांढरा रंग ऊन परतवतो, हे सर्वांना पटण्यासारखे होते. काथ्याचा आकडा मात्र आला ५६. विश्वस्तांना वाटले, उपकरण बिघडले असावे. वास्तविक काथ्या खरोखरच ग्रॅनाइटइतका तापला होता. फरक इतकाच की त्याच्या धाग्यांमध्ये हवा कोंडलेली असते, त्यामुळे पायाला लागते ती वरच्या धाग्यांपुरती थोडीशी उष्णता, आणि खालून नवा पुरवठा फार सावकाश येतो. तासभर त्यावर उभे राहणे शहाणपणाचे नव्हे. पण फाटकापासून गाभाऱ्यापर्यंत जायला ती पट्टी पुरेशी होती.

एका विश्वस्तांनी शंका काढली, “शेठजी, आपले पूर्वज तर काळ्या दगडावरच अनवाणी चालत होते.” आजोबा म्हणाले, “चालत होते. पण पहाटे चालत होते. शिवाय आज आपल्या समाजात किती घरांत मधुमेह आहे, हे आपण सारे जाणतो. त्यांतल्या कितीजणांचे पाय अजून खरे बोलतात, हे त्यांनाही ठाऊक नसेल. मंदिराच्या दारात आपण त्यांची परीक्षा का घ्यावी?” यावर कोणी काही बोलले नाही. ठराव झाला : प्रांगणाला फिकट दगड, फाटकापासून पायरीपर्यंत काथ्याची पट्टी, बसायला लाकडी बाके. उंबऱ्यावर पितळी पत्रा ठोकण्याची सूचना होती, ती रद्द झाली. उन्हात तापलेला धातू साऱ्यांत वाईट, हे आता सर्वांना कळले होते. नावाची पाटी लहान करून भिंतीवर लावायची ठरली.

आजोबा पुन्हा दुकानात बसू लागले आहेत. भांडे उचलून पत्र्याची जाडी ते आजही सांगतात, पण हल्ली लगेच तागडीतही टाकतात. यात्रेला ते सूर्योदयालाच निघतात आणि ऊन चढण्यापूर्वी परततात. मंदिरात सुती मोजे घालण्यास विश्वस्तांनी हरकत घेतलेली नाही. शेकण्याची रबरी पिशवी त्यांच्या खोलीतून नाहीशी झाली आहे. रोज संध्याकाळी प्रतिक्रमणापूर्वी सूनबाई त्यांचे दोन्ही तळवे दिव्याजवळ धरून पाहतात. प्रारंभी आजोबांना याचा संकोच वाटे; आता ते स्वतःच पाय पुढे करतात.

आणि सकाळी स्नानाचे पाणी काढले की ते बादलीत हात घालीत नाहीत. न्हाणीघराच्या दारात थांबून आजींना विचारतात, “पाहा बरे, कसे आहे?” आजी पदर सावरून पाण्यात हात बुडवतात, क्षणभर थांबतात आणि सांगतात, “बेताचे आहे. घ्या आता.”