प्रिन्सेस स्ट्रीटवरची अमेलिया

एडिंबराला निघाले तेव्हा मित्रमंडळींनी लिस्टच हातात ठेवली: किल्ला, व्हिस्की, शॉपिंग! पण मी पडले नाशिकची, शरणपूर रोडवर वाढलेली. आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव १८७४ मध्ये इंग्लंडला पोहोचलं. त्याच्यासोबत गेलेला जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सुटलेला आफ्रिकन तरुण आमच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला. त्यामुळे प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समधल्या लिव्हिंग्स्टनच्या पुतळ्यासोबत फोटो तर मस्टच होता.

फोटो काढला आणि मग कळलं, १८७६ मध्ये उभा राहिलेला हा ब्राँझचा पुतळा एका बाईने घडवलाय. अमेलिया पेटन हिल. झालं! उरलेला दिवस तिच्या नावावर.

अमेलियाचा जन्म १८२१ चा, डनफर्मलिनचा. वडील दमास्क कापडाची डिझाइन्स करायचे. जोसेफ नोएल आणि वॉलर हे दोघं भाऊ नामवंत चित्रकार. जोसेफ लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकला. मुलींना तेव्हा तिथे प्रवेशच नव्हता. अमेलिया घरीच, मातीत हात घालून, बरंचसं आपलं आपणच शिकली. शिल्पकार म्हणून नाव व्हायला चाळिशी उजाडली.

१८६२ मध्ये तिने लग्न केलं डेव्हिड ऑक्टेव्हियस हिलशी. फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातला मोठा माणूस आणि रॉयल स्कॉटिश अकॅडमीचा सेक्रेटरी. तिची शिल्पं अकॅडमीच्या प्रदर्शनात लागायची. पण मेंबरशिप? ती काही मिळाली नाही. अकॅडमीची पहिली पूर्ण सभासद बाई म्हणजे फिलिस बोन, तीही शिल्पकारच. साल १९४४. अमेलियाला जाऊन तोवर ४० वर्षं झाली होती!

लिव्हिंग्स्टनच्या शेजारीच स्कॉट मॉन्युमेंट आहे. त्यावरचे तीन पुतळेही तिचेच. खाली उभी राहून मान दुखेपर्यंत शोधत होते.

संध्याकाळी डीन सेमेटरी गाठली. हिलच्या थडग्यावर त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे, तिनेच केलेला. तीही इथेच विसावलीय. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

बारावीनंतर आर्ट स्कूलची एंट्रन्स हुकली आणि मी मासकॉमला गेले. मातीकाम सुटलं ते सुटलंच. कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, ‘रीतसर शिकले नाही ना!’

त्या थडग्यासमोर हे उत्तर जरा लंगडं वाटलं. घरी आल्यावर माळ्यावरचा टूल्सचा डबा खाली काढलाय. अजून उघडला नाहीये. या रविवारी नक्की!