झाडूगाडी जाईपर्यंत

सायकलवर आरे-वाऱ्याचा चढ लागला की माझी बडबड बंद होते. खाली समुद्र इतका निळा असतो की मान वळतेच, आणि मान वळली की हँडलही वळतं. अर्ध्यात मी उतरतो. एकदा गवताचा भारा घेऊन येणाऱ्या एका आजींनी थांबून विचारलं होतं, "काय ओ, घाटी पळून चाललीय काय?"

आमच्याकडे घाट तो सह्याद्रीचा. बाकी सगळ्या घाट्या. रत्नागिरीहून पावसला जा, पूर्णगडला जा नाहीतर जयगडला. खाडीवर उतरायचं की पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढायचं. यातली एकही घाटी आंबा घाटाच्या पासंगाला पुरणार नाही, पण संध्याकाळी पाय सगळ्यांची बेरीज सांगतात.

टप्प्यांची सायकल शर्यत मला आवडते ती या बेरजेसाठी. रोज कुणीतरी टप्पा जिंकतो. शर्यत मात्र त्याची, ज्याचा सगळ्या दिवसांचा मिळून वेळ सर्वांत कमी. 1990 साली ग्रेग लेमाँडनं एकही टप्पा न जिंकता टूर द फ्रान्स जिंकली.

जानेवारी 2026 मध्ये अशीच टप्प्यांची पुणे ग्रँड टूर भरली. पाच दिवस, 437 किलोमीटर. एसटीनं गेलो आणि मुळशीच्या बाजूला रस्त्याकडेला दोन तास उभा राहिलो. आधी पोलिसांच्या मोटारसायकली आल्या. मग सड्यावरून पावसाची सर यावी तसा आवाज, चेनींचा आणि टायरांचा. अंगाला वारा लागला, रंग सरकले, एकही चेहरा धड दिसला नाही. "झालं?" शेजारच्यानं विचारलं आणि लोक पांगायला लागले. बऱ्याच वेळानं एक जण एकटाच आला. तोंड उघडं, गालावर मीठ सुकलेलं. तेवढा एक चेहरा मला दिसला.

या खेळातला माझा माणूस युजीन क्रिस्तोफ. 1913 च्या टूर द फ्रान्समध्ये तुर्माले घाटाच्या उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, असा तेव्हाचा नियम. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरच्या वर चालला, खालच्या गावात लोहाराची भट्टी गाठली आणि स्वतःच्या हातांनी ऐरणीवर चिमटा सांधला. त्यात काही तास गेले. घड्याळ चालूच. देखरेखीला पंच उभे होते. एक पोरगा भाता ओढत होता, ही परकी मदत ठरली आणि त्याबद्दल वर आणखी दंड! तरी तो पॅरिसला पोचला. 1919 मध्ये एकूण वेळेत पुढे असणाऱ्याची टूरची पहिली पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर चढली, आणि त्याच वर्षी चिमटा पुन्हा मोडला. टूर त्यानं कधीच जिंकली नाही.

ही हकिगत वाचली तेव्हा मला लहानपणची भाड्याची सायकल आठवली. तासावर मिळायची, वहीत वेळ लिहून. सीटवर बसून पाय पुरत नसल्यानं आम्ही नळीखालून पाय घालून चालवायचो. एकदा मिऱ्याच्या वाटेवर चेन तुटली. तुटलेली चेन खिशात घालून, काळ्या हातांनी सायकल ढकलत परत आणली. दुकानदारानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चालत आलेल्या वेळाचंही भाडं लावलं. तेव्हा मी रडलो होतो. आता वाटतं, नियमानं त्याचं बरोबर होतं; फक्त चेन त्याची होती.

टूरमध्ये एकूण वेळेत सर्वांत शेवटी असणाऱ्याला 'लाल दिवा' म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्यावरच्या दिव्यावरून. त्याला हसणारे हसोत. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. पहिल्याच्या मानानं फार मागे पडलात तर दुसऱ्या दिवशी निघायला मिळत नाही. लाल दिवा ती मर्यादा रोज पाळतो, कित्येकदा आपल्या म्होरक्यासाठी दिवसभर पाण्याच्या बाटल्या वाहून. त्याच्याही मागे एक गाडी असते, दमून उतरलेल्यांना गोळा करणारी. फ्रेंच लोक तिला झाडूगाडी म्हणतात.

अशी शर्यत कधी बघायला गेलात, तर पहिला गेल्यावर पाठ फिरवू नका. झाडूगाडी जाईपर्यंत थांबा.