डोडोच्या बेटावरचा छोटा ससाणा

मॉरिशस म्हटलं की काय आठवतं? निळाशार समुद्र, हनिमून पॅकेज आणि डोडोचं चित्र छापलेला टी-शर्ट. तो मीही घेतलाच! पण गेल्या ट्रिपमध्ये अर्धा दिवस बीचला टांग मारून आग्नेयेकडच्या फर्नेच्या जंगलात गेलो आणि तिकिटाचे पैसे वसूल झाले.

निमित्त होतं मॉरिशस केस्ट्रेलचं. हा चिमुकला ससाणा जगात फक्त याच बेटावर आहे. नराचं वजन मोबाइलपेक्षाही कमी. पंख आखूड, गोलसर. त्यामुळे ट्रॅफिकमधून बाइक काढावी तसा तो झाडांमधून सुळकन निघतो. आवडता मेनू म्हणजे फांद्यांवरच्या हिरव्यागार पाली. लोकांनी मात्र त्याला ‘कोंबडीचोर’ ठरवून गोळ्या घातल्या.

गाइडनं गप्प राहायची खूण केली. झाडावरच्या लाकडी पेटीत मादी बसली होती. मूळचं घर कड्याच्या कपारीत, पण माणसानं दिलेला हा फ्लॅटही तिला चालतो. अंडी साधारण तीन, उबवायला महिनाभर. तोवर घरचा बाजारहाट नराकडे! तो पाल घेऊन आला, हाक दिली. मादी बाहेर आली, पार्सल घेतलं आणि पुन्हा आत. अख्खा सीन दहा सेकंदांचा.

पण १९७४ साली हा सीन जवळपास संपला होता. जंगलतोड, मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी, बाहेरून आलेले उंदीर, माकडं... माहीत असलेले पक्षी उरले फक्त ४! १९७९ मध्ये कार्ल जोन्स हा पंचविशीतला वेल्श तरुण इथे आला, तो चक्क प्रोजेक्ट गुंडाळायला. त्यानं तो गुंडाळलाच नाही. घरट्यातली पहिली अंडी तो उचलायचा. मग मादी पुन्हा अंडी घालायची. उचललेली अंडी इन्क्युबेटरमध्ये उबवायची, पिल्लांना हातानं भरवायचं. १९९४ पर्यंत तीनशेहून जास्त पक्षी जंगलात सोडले गेले.

हॅपी एंडिंग? थांबा. संख्या पुन्हा घसरली आणि २०१४ मध्ये तो परत ‘धोक्यात’च्या यादीत गेला. २०२२ मध्ये त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला, पण मानानं पोट भरत नाही. त्याला पाली हव्यात, पालींना जुनं जंगल हवं.

तुम्ही गेलात तर टी-शर्ट जरूर घ्या. पण अर्धा दिवस त्या पेटीखालीही थांबा. डोडोसाठी कुणीच थांबलं नव्हतं.