औषधाची मात्रा

आमच्या पिंपळनेरच्या घरांत सहा वर्षांचे दोन नातू आहेत. एकाचें वजन १६ किलो, दुसऱ्याचें २२. एकाला दिलेल्या प्रतिजैविकाची उरलेली बाटली दुसऱ्यास चालेल, असें घरांतील वडीलधारीं मंडळी सहज म्हणतात. आम्हांस हें मान्य नाहीं.

छंदःशास्त्रांत ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. एक अधिक झाली कीं वृत्त मोडतें. औषधाचीहि गोष्ट तीच. पिंपरीस १९५४ सालीं सरकारी कारखाना स्थापन झाला व पेनिसिलिन स्वदेशांत होऊं लागलें. अशा औषधांनीं असंख्य लेंकरें वांचलीं, हें निर्विवाद. तथापि कांहीं प्रतिजैविकें फार जपून द्यावीं लागतात. जेंटामायसिनचें इंजेक्शन शरीराबाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडांचें. मात्रा वाढली, किंवा जुलाबवांत्यांनीं मूल सुकलेलें असलें, तर तें औषध मूत्रपिंडांतच सांचून त्यांस इजा करतें. विशेष हें कीं, लघवी नीट होत असतांहि ही इजा चालू असूं शकते; रक्तांतील क्रिएटिनिन तपासल्यावर ती कळते. वेळींच कळल्यास मूत्रपिंडें बहुधा पूर्ववत् होतात.

म्हणून भिऊन औषध मध्येंच सोडणें वाईट, तसेंच अंदाजानें देणेंहि वाईट. डॉक्टरांस मुलाचें आजचें वजन, जुलाबवांत्या व चालू असलेलीं इतर औषधें सांगावीं. आणि एकाचें औषध दुसऱ्यास कदापि देऊं नये.