कूस बदलणारे हात

खडकीचं पॅराप्लेजिक सेंटर १९७४ सालचं. पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान तिथे राहतात. पाहुण्यांच्या नजरेत भरतं ते चाकाच्या खुर्चीवरचं बास्केटबॉल आणि तोंडात ब्रश धरून रंगवलेली चित्रं. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. माझं मन मात्र अडकतं ते कूस बदलण्यापाशी. कमरेखालची संवेदना गेली की एका जागी पडून कातडी सोलवटतेय हे त्या माणसाला कळत नाही. म्हणून तो अंथरुणावर असला की साधारण दर दोन तासांनी त्याला वळवायचं, माकडहाड आणि टाचा निरखायच्या, लघवीची नळी स्वच्छ ठेवायची. हयगय झाली तर साधा चट्टा हाडापर्यंत पोचतो, आणि लघवीतला संसर्ग जिवावर बेततो.

सेंटरमध्ये हे करायला शिकलेली माणसं आहेत. जवान गावी परतला की ते सगळं बायकोच्या, आईच्या अंगावर येतं. रात्रीसुद्धा.

सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. आपण पदकाची गोष्ट मुलांना सांगतो. त्या दोन सालांच्या मधली सात वर्षं मात्र आपण एका वाक्यात उरकतो. पाण्यात उतरणं हा त्यांच्यासाठी आधी उपचार होता, खेळ नंतर झाला. बरं होण्याचा खरा काळ तोच, आणि त्या काळात टाळ्या वाजत नाहीत.

मेडिकल बोर्ड अपंगत्व टक्क्यांत ठरवतं, त्यानुसार पेन्शन मिळते. सतत मदतनीस लागणाऱ्याला भत्त्याची तरतूदही आहे. ते योग्यच आहे, आणि वेळेवर मिळायला हवं. पण मोडलेली झोप भत्त्याने भरून येत नाही. नवऱ्याचा राग, त्याचं दिवसदिवस गप्प राहणं, मुलांनी दबकून वावरणं, हेही त्या घरात असतं. गावाला याची कल्पना असते, पण मदत कशी करावी हे सुचत नाही, आणि हळूहळू लोकांचं येणं-जाणं थांबतं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे घराघरांतून फौजेत गेलेली माणसं आहेत. तिथे तरी हे होऊ नये असं मला फार वाटतं.

७ डिसेंबरला ध्वजदिन निधीला जरूर पैसे द्या. पण तुमच्या गावात असं घर असेल तर एखाद्या साध्या मंगळवारीही जा. जवानाशी शेतीपाण्याचं, निवडणुकीचं बोला. लढाईचं त्याने काढलं तरच. उंबरठ्याशी चाकाची खुर्ची अडत असेल तर चार जणांनी मिळून उतार बांधून द्या. आणि त्याला कुशीवर कसं वळवायचं ते वहिनींकडून शिकून घ्या, म्हणजे एखाद्या रात्री त्यांना सलग झोप मिळेल.