गोंगाट ऐकणारे

हार्ड डिस्कचं झाकण काढलं की आधी आपलाच चेहरा दिसतो, इतकी तबकडी लख्ख. तिच्यावर आडवा एक बारीक हात, त्याच्या टोकाला तिळाएवढं हेड. शेजारी तपकिरी लवचीक पट्टीवर बसवलेली चिप हेडकडून आलेला क्षीण इशारा मोठा करते. अर्जुनी मोरगावच्या माझ्या घरी जुन्या संगणकातली अशी एक डिस्क आहे. तिच्यापाशी मी तासन्‌तास रमतो.

तबकडीवर नुसते चुंबकीय ठिपके असतात. जागा पुरावी म्हणून ते इतके खेटून लिहिलेले, की एकाचा इशारा दुसऱ्यात मिसळतो, वर नकोशा इशाऱ्यांचा गोंगाट. कितीतरी वाचनयंत्रणा हा गोंगाट सगळीकडे सारखाच धरून चालत. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक जुझे मौरा आणि त्यांचे तेव्हाचे विद्यार्थी अलेक्सांदर काव्चिच यांनी तसं धरलं नाही. चुंबकाची दिशा जिथे पालटते तिथली सीमा ओबडधोबड असते, म्हणून गोंगाटही तिथे वाढतो. शिवाय शेजारशेजारच्या गोंगाटांचं आपसात नातं असतं. ते नातं त्यांनी गणितात मांडलं. आमच्याकडच्या राईस मिलमधल्या हमालाला हे सांगावं लागणार नाही. मशीन कधी चढते, कधी उतरते हे कानाला पाठ असल्यानं तो त्या आवाजातही सोबत्याचं बोलणं बरोब्बर पकडतो.

या कामाची दोन पेटंटं २००१ आणि २००२ साली मिळाली. पुढे त्यांवरून विद्यापीठाचा मार्व्हेल या चिपकंपनीशी खटला झाला, ज्यूरीनं २०१२ मध्ये ११७ कोटी डॉलर भरपाई ठरवली आणि २०१६ मध्ये ७५ कोटींवर तडजोड झाली. आकडा डोळे दिपवणारा खराच. पण मला भुरळ घालते ती पेटंटाची अट: जाणकाराला वाचून तसंच करता येईल इतकं उघड लिहायचं, मग ठरावीक वर्षं हक्क तुमचा, नंतर सगळ्यांचा. जवळच नवेगावबांधचा तलाव आहे. असे तलाव बांधणाऱ्या कोहळी जाणत्यांचं कसब तोंडोतोंडी चालत आलं. पाळ कशी घालायची, पाणी कुठून वळवायचं, हे कुणी असं बारकाईनं लिहून ठेवलं असतं तर मी ते पोथीसारखं वाचलं असतं.

मौरा आणि काव्चिच यांच्या दोन्ही पेटंटांची मुदत आता सरली आहे; ती रीत कुणीही वापरावी. काव्चिच यांनी पुढे सर्बियात, आपल्या मायदेशी, प्रतिष्ठान काढलं आणि शाळेची पुस्तकं मुलांना मोफत मिळतील अशी सोय केली. खटल्याच्या त्या पैशांच्या गोष्टीत मला सगळ्यांत भावलं ते हे.